शक्तीचा लगाम आणि हमीचा शब्द



होळकरांच्या छत्र्यांनी ज्या वस्तीला नाव दिले, त्या छत्रीबागेत स्मृती जतन करण्याची परंपरा जुनी आहे. एका शिक्षकाची स्मृती दगडात न कोरता दरवर्षी एखाद्या विषयाच्या विवेचनातून जागवावी, हा आपल्या शाळेचा संकल्प मला विशेष मोलाचा वाटतो. या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय वरवर पाहता यंत्रशास्त्राचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी दिलेल्या शब्दाचा प्रश्न आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींचे काही उत्पादक विक्रीनंतर गाडीच्या शक्तीला लगाम घालतात. तो लगाम कोणाच्या हितासाठी असतो, आणि तो घालण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, याचा विचार आपण करू.

प्रथम शास्त्र पाहू. विजेच्या मोटारीचा प्राण तिच्या लिथियम-आयन बॅटरीत असतो. ही बॅटरी वापराने झिजते, आणि ती किती वेगाने झिजेल हे मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते: तापमान, प्रवाहाचे प्रमाण आणि भारणाची पातळी. बॅटरी काठोकाठ भरून उन्हात उभी ठेवली, वारंवार जलदगतीने भारली, किंवा तिच्यातून एकदम मोठा प्रवाह खेचला, तर तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि साठवणक्षमता घटते. मे महिन्यात आपल्या माळव्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे संकट अधिकच जवळ येते. म्हणून प्रत्येक गाडीत बॅटरीवर नजर ठेवणारी एक संगणकीय यंत्रणा असते. बॅटरी तापली की ती शक्ती कमी करते, थंड झाली की पुन्हा मोकळी सोडते. यात गैर काहीच नाही. घोडा फेसाळला की जाणता स्वार लगाम ओढतोच.

अडचण पुढे सुरू होते. बॅटरी हा गाडीतील सर्वांत महाग भाग, म्हणून उत्पादक तिच्यावर दीर्घ मुदतीची हमी देतात. आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर ही मुदत आपल्याकडेही परिचित झाली आहे. या काळात क्षमता ठरावीक टक्क्यांखाली गेली, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचा भार उत्पादकावर पडतो. हा भार हलका करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, बॅटरी अधिक चांगली करणे. दुसरा, विकलेल्या गाडीचे सॉफ्टवेअर दुरून बदलून ती बॅटरी कमी वापरली जाईल अशी व्यवस्था करणे. पहिल्या मार्गाला संशोधन आणि पैसा लागतो. दुसऱ्या मार्गाला रात्रीतून पाठवलेली एक आज्ञावली पुरते.

हे केवळ तर्कातले भय नव्हे. 2017 च्या आरंभी अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या काही वेगवान गाड्यांच्या मालकांच्या लक्षात आले, की जोरदार आरंभाची सोय अनेकदा वापरल्यावर गाडीची कमाल शक्ती कायमची घटते. गाडी प्रत्येक वापराची नोंद ठेवत होती. यंत्रभागांवर पडणाऱ्या ताणाचे कारण पुढे आले. परंतु हीच सोय दाखवून गाडी विकली गेली होती. ग्राहकांच्या रोषानंतर कंपनीने ते बंधन काढून टाकले. त्यानंतर 2019 च्या मे महिन्यात, शांघाय व हाँगकाँग येथील आगीच्या घटनांनंतर, याच कंपनीने जुन्या गाड्यांना नवी आज्ञावली पाठवली. कारण सावधगिरीचे सांगितले गेले. पण काही गाड्यांचे भारण पूर्वीपेक्षा कमी दाबाला थांबू लागले आणि एका भारणात कापले जाणारे अंतर घटले. प्रकरण न्यायालयात गेले. 2021 मध्ये तडजोड झाली आणि एकूण 15 लक्ष डॉलरच्या रकमेतून 1,743 गाड्यांच्या मालकांना प्रत्येकी सुमारे 625 डॉलर देण्याचे ठरले.

हाच धडा खिशातल्या दूरध्वनीनेही दिला होता. जुन्या बॅटरीचे आयफोन आपण मुद्दाम मंद करतो, हे अ‍ॅपल कंपनीने 2017 च्या डिसेंबरमध्ये मान्य केले. फोन अकस्मात बंद पडू नये, हे त्यामागचे कारण तांत्रिकदृष्ट्या खरे होते. तरीही 2020 मध्ये फ्रान्समधील ग्राहकसंरक्षण यंत्रणेने अडीच कोटी युरोंचा दंड केला, तो मंद करण्याबद्दल नव्हे, तर ते ग्राहकांना न सांगितल्याबद्दल. माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार या एका निर्णयात आहे.

उत्पादकाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. आगीचा धोका दिसत असता हात बांधून बसणे हा गुन्हाच ठरेल. मूठभर ग्राहकांच्या बेफाम वापराचा खर्च शेवटी सर्वांच्या किंमतीत मिसळतो, हेही खरे. मर्यादा ही स्वतः वाईट वस्तू नाही. आपल्या राजवाड्याभोवती फिरणाऱ्या ई-रिक्षांना ताशी 25 किलोमीटरची वेगमर्यादा कायद्यानेच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी फसवणुकीची तक्रार करीत नाही. कारण ती खरेदीपूर्वीच सर्वांना ठाऊक असते. विक्रीपूर्वी सांगितलेली मर्यादा हा कराराचा भाग होय. विक्रीनंतर सांगून, कारण देऊन, तात्पुरती घातलेली मर्यादा ही काळजी होय. परंतु विक्रीनंतर न सांगता, हमीचे दावे टाळण्यासाठी घातलेली मर्यादा म्हणजे विकलेल्या मालातून पसाभर धान्य गुपचूप परत काढून घेणे होय.

येथे आणखी एक विसंगती आहे. बॅटरी किती झिजली हे मोजणारे यंत्र उत्पादकाचे, त्याचे गणित उत्पादकाचे, आणि हमी लागू होते की नाही याचा निवाडाही उत्पादकाचाच. बाजारातील साध्या तराजूवरसुद्धा शासकीय शिक्का असावा लागतो. व्यापाऱ्याने स्वतःच्या वजनाची साक्ष स्वतःच द्यावी, असे आपण मानीत नाही. मग काही लक्ष रुपयांच्या बॅटरीला हा न्याय का नसावा? जगाने त्या दिशेने पाऊल टाकले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर 2022 मध्ये संमत झालेल्या नियमात पाच वर्षे किंवा 1,00,000 किलोमीटरपर्यंत 80 टक्के, आणि आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंत 70 टक्के क्षमता टिकावी, असा किमान दंडक घातला आहे. आणि बॅटरीची स्थिती वाहनमालकाला वाचता यावी, असेही म्हटले आहे.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हा प्रश्न तेल-साखरेचा होता. तत्त्व तेच आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आवश्यक माहिती हेतुपुरस्सर दडवणे हे सेवेतील न्यूनतेत स्पष्टपणे गणले आहे. आणि आपल्या इंदूरपासून जवळच, पीथमपूर येथे, 2021 मध्ये उद्घाटन झालेली 11.3 किलोमीटरची अतिवेगवान चाचणी-धावपट्टी आहे. नव्या गाडीची शक्ती जेथे मोजता येते, तेथे तीन वर्षे वापरलेल्या, आज्ञावली बदललेल्या गाडीचीही शक्ती मोजता येईल. गरज आहे ती त्रयस्थ मापनाचा आग्रह धरण्याची.

हा आग्रह केवळ हौशी श्रीमंतांसाठी नाही. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून गाडी घेणारा निवृत्त शिक्षक आणि कर्जाच्या हप्त्यावर मालवाहू तिचाकी चालवणारा तरुण, यांचा हिशेब एका भारणात किती अंतर कापले जाते यावरच बसवलेला असतो. चढावर भरल्या गाडीची ओढ कमी झाली, किंवा दिवसाकाठी एक फेरी घटली, तर हप्ता मात्र घटत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या अभियंते व्हाल, आणि अशी आज्ञावली लिहिण्याचे काम कदाचित तुमच्याच हाती येईल. त्या वेळी बॅटरी वाचवण्याचे गणित अवश्य करा. परंतु त्यासोबत गाडीच्या पडद्यावर एक साधे वाक्य उमटू द्या: आम्ही हे बदलले आहे, या कारणासाठी बदलले आहे, आणि यामुळे तुमचे इतके नुकसान होईल. ते वाक्य लिहायला फार तर चार ओळी लागतील. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांच्या पेशाने आपल्याला उत्तराबरोबर रीतही दाखवायला शिकवले आहे. तेवढी शिकवण कारखान्यापर्यंत पोहोचली, तर हे व्याख्यान सार्थ झाले असे मी मानीन.