मेंदूचे आरोग्य आणि आपले घर



मनुष्याच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकंदर शक्तीपैकी सुमारे २० टक्के शक्ती तो एकटाच खर्च करतो. अशा या अवयवाची काळजी आपण कितपत वाहतो?

आमच्या घरातील वृद्ध काकूंना विस्मरण जडले. पायांना मुंग्या येऊन ते बधिर होऊ लागले. 'वयोमान' म्हणून आम्ही वर्षभर स्वस्थ बसलो. पुढे रक्त तपासले, तेव्हा 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव आढळली. इंजेक्शनांनी स्मृती बरीच परतली. पायांचा बधिरपणा मात्र राहिला. तो आमच्या विलंबाचा दंड होय. हे सत्त्व दूध, दही, अंडी, मासे यांत असते, भाजीपाल्यात नसते. शाकाहारी कुटुंबांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

तथापि केवळ अन्नाने भागत नाही. २०२४ साली 'लॅन्सेट' आयोगाने स्मृतिभ्रंशाची आवरता येण्याजोगी १४ कारणे नमूद केली. त्यांत रक्तदाब, मधुमेह व बहिरेपणा यांच्या जोडीला नैराश्य आणि एकाकीपणाही आहेत. म्हणून वडीलधाऱ्यांशी रोज घटकाभर बोलत बसणे हीदेखील शुश्रूषाच समजावी.

शेवटी, सोयरीक मोडेल या भयाने मनाचा आजार कोणी झाकू नये. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. आजाराची नव्हे, तो लपविण्याची आपणांस लाज वाटावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.