मोहोळातील स्थापत्य

जबलपूरच्या गोरखपूर वस्तीपासून वीसेक किलोमीटरांवर भेडाघाट आहे. तेथे नर्मदा संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाहते. नौकेतून जाणाऱ्याचे लक्ष प्रथम त्या शुभ्र पाषाणाकडे वेधते. मग कपारींखाली लोंबणारे काळसर पडदे दिसू लागतात. ती आग्या माश्यांची मोहोळे होत. एकोणिसाव्या शतकात नियोजित लोहमार्गाच्या पाहणीसाठी आलेले दोन इंग्रज याच अरुंद पात्रातून जात असता, पक्ष्यांवर झाडलेल्या बंदुकीमुळे माश्या खवळल्या. त्यांपैकी बॉडिंग्टन नावाचा सर्वेक्षक दंशांपासून सुटण्यासाठी पाण्यात शिरला आणि बुडून मृत्यू पावला, असे जुन्या वृत्तान्तांत नमूद आहे. एका बांधकामाची मोजणी करावयास आलेल्या माणसाला दुसऱ्या बांधकामाच्या रक्षकांनी असे गाठले.

या दुसऱ्या बांधकामाकडे स्थापत्याच्या दृष्टीने पाहिले, तर काय दिसते? मोहोळ मेणाचे असते. हे मेण माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून पाझरते आणि थोड्या मेणासाठी तिला त्याच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. साहित्य इतके महाग असल्यावर काटकसर ओघानेच आली. मध्ये फट न ठेवता सपाट जागा व्यापू शकतील अशा समभुज व समकोन आकृती तीनच आहेत: त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. प्रत्येक कप्प्याचे क्षेत्रफळ एक चौरस एकक धरले, तर त्रिकोणाची परिमिती सुमारे ४.५६, चौरसाची ४ आणि षट्कोनाची ३.७२ एकक भरते. म्हणजे चौरसाऐवजी षट्कोन निवडताच भिंतींचे सुमारे सात टक्के साहित्य वाचते. रोमन पंडित व्हॅरो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हा तर्क मांडला होता. मात्र कोणत्याही आकाराचे समान क्षेत्रफळाचे कप्पे घेतले तरी षट्कोनाहून कमी भिंतींत काम भागत नाही, हे पूर्णपणे सिद्ध झाले ते १९९९ साली, थॉमस हेल्स या गणितज्ञाच्या हातून.

अभियंत्यांनी ही रचना उचलली. परंतु ती जशीच्या तशी नव्हे. माशीला मध साठवावयाचा असतो, अभियंत्याला भार पेलावयाचा असतो. पातळ पत्रा सहज वाकतो. तेच धातू दोन पत्र्यांत विभागून त्यांच्यामध्ये अंतर राखले, तर वाकताना एक पत्रा ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि दोघे मिळून वाकण्यास मोठा विरोध करतात. हे अंतर राखण्याचे काम मधल्या षट्कोनी जाळीकडे असते. ती जाळी करण्याची युक्तीही माणसाची स्वतःची आहे. धातूच्या वर्खाचे थर एकावर एक रचून, ठरावीक रेषांवर चिकटवून, नंतर ते ओढून उघडतात. सारे कप्पे एकदम उमलतात. विमानांचे भाग आणि भारतीय उपग्रहांच्या चौकटी अशाच फलकांच्या बनतात. घरातील हलक्या दारांच्या पोटातही कागदाची अशीच जाळी असते. माशीकडून आकार आला. त्याचे प्रयोजन व कृती मात्र माणसाने शोधली.

कधी कधी तर आकाराहून मोकळी जागाच अधिक शिकवून जाते. पोळ्यांच्या आसपास सुमारे सहा ते नऊ मिलिमीटरांची वाट असली, तर पाळीव माश्या ती मोकळी ठेवतात. वाट अरुंद असेल तर राळेने बुजवतात, रुंद असेल तर तेथे पोळे बांधतात. अमेरिकेतील धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ याने १८५१ साली हे मर्म ओळखून सुट्या चौकटींची पेटी रचली. चौकट उचलता येऊ लागली, मध यंत्रात फिरवून काढता येऊ लागला आणि पोळे मोडण्याचे कारण उरले नाही. १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या कार्याचा पायाही असे पेटीतील मधुमक्षिकापालनच होय.

आग्या माशी मात्र या पेटीत नांदत नाही. तिला उघडा कडा किंवा उंच फांदी हवी. एकच मोठे पोळे टांगून ती स्वतःच्या अंगांचा पडदा त्यावर धरते. तिचा मध हवा असेल, तर कड्यावरच जावे लागते. तेथे धूर व आग करून सगळे मोहोळच उतरविले, तर मधाबरोबर पिल्लेही नष्ट होतात. या माशीचा मध बहुधा पोळ्याच्या वरच्या बाजूस साठलेला असतो आणि पिल्लांचे कप्पे वेगळे असतात. जाणता मधकापू तेवढाच मधाचा भाग कापतो व पिल्लांचा भाग लटकता ठेवतो. येथे ना विमानाचा फलक आहे, ना सुटी चौकट. तरी निरीक्षणातून निघालेले तंत्र तेच आहे. निसर्गाची रचना का तशी आहे, हे ज्याने विचारले त्याला तिचा उपयोग करून घेता आला आणि ती शाबूतही ठेवता आली. ज्याने केवळ तिचे फळ पाहिले, त्याच्या हाती एका हंगामाचा मध आला आणि कडा रिकामा झाला.