तारेखालची जमीन

वादळवाऱ्यात वाकलेला विजेचा खांब काढून तिथे नवा उभा केला, गल्लीत पुन्हा दिवे लागले, की त्या खांबाशी आपला संबंध संपतो. नवा खांब जुन्याएवढाच आहे ना, एवढंही कुणी पाहत नाही. मला आज सांगायचं आहे ते हे, की तो जुन्याएवढाच असेल तर पुष्कळ ठिकाणी तो बुटका पडतो. नियम बोलतो तो तारेच्या उंचीबद्दल, आणि ती उंची मोजायची तारेखाली आज जी जमीन आहे तिच्यापासून. 1956च्या भारतीय वीज नियमांतल्या 77व्या नियमाचे आकडे अजून व्यवहारात आहेत. लघुदाबाची तार रस्ता ओलांडत असेल तर सर्वांत खालची तार जमिनीपासून किमान 5.8 मीटरवर हवी, उच्चदाबाची 6.1 मीटरवर. रस्त्याच्या कडेने जात असेल तर 5.5 आणि 5.8. रस्ता सोडून शेतशिवारातून जाणारी अकरा हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार 4.6 मीटरच्या खाली येता कामा नये. 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, 2023 मध्ये ते नव्याने आले, पण हे आकडे जवळपास तसेच राहिले. उंची तारेची, मोजायची आजच्या जमिनीपासून. हे वाक्य मी पुढेही सांगणार आहे, कारण घोळ सगळा तिथेच आहे.

थोडा हिशेब करू. आपल्याकडे गावठाणात जो सिमेंटचा साधा खांब दिसतो, तो बहुधा आठ मीटरचा. त्याचा सहावा हिस्सा जमिनीत पुरायचा, म्हणजे सव्वा मीटरहून थोडं अधिक. वर उरतात साडेसहा मीटर आणि काही बोटं. दोन खांबांच्या मध्ये तारेला झोळ असतो, आणि तो असायलाच हवा. तार अगदी ताठ ओढली तर थंडीत आकसून तुटेल. उन्हाळ्यात मात्र धातू तापतो, लांबतो आणि झोळ वाढतो. अर्धा मीटर झोळ धरला, तरी तार सव्वासहा मीटरच्या खाली येते. नियमाने हवेत 5.8 मीटर. शिल्लक राहिली फूट-सव्वा फूट. हा हिशेबही तारा खांबाच्या टोकाशी आडव्या आर्मवर बांधल्या आहेत असं धरून. एकीखाली एक अशा उभ्या ओळीत बांधलेल्या असतील, तर खालची तार पहिल्या दिवसापासूनच नियमात बसत नाही. नऊ मीटरचा खांब दीड मीटर पुरला तरी वर साडेसात मीटर राहतो, म्हणजे हाताशी जवळजवळ मीटरभर जास्त. रस्ता ओलांडण्याच्या जागी हा मीटर फार मोलाचा आहे. तिथे मोडलेल्या आठ मीटरच्या जागी पुन्हा आठ मीटरचाच खांब उभा करणं म्हणजे जुनी चूक नव्या सिमेंटमध्ये पक्की करणं.

ती फूटभर शिल्लक जाते कुठे? ती जाते रस्त्यात. डांबराचा एक थर इंच-दोन इंचांचा, खाली खडी अंथरली तर आणखी. काँक्रीटचा रस्ता आला तर जाडी एकदम सात-आठ इंचांवर. साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत जा, नाहीतर सांगलीच्या गावभागात, आणि जुन्या लोखंडी खांबाचा बुंधा वाकून पाहा. बुंध्याशी काँक्रीटचं कोपिंग केलेलं असतं. खांब रोवला तेव्हा ते जमिनीच्या चांगलं वर होतं, पाणी साचून लोखंड गंजू नये म्हणून. जिथे ते डांबरात बुडून नुसती कड दिसत असेल, तिथे तारेखालची जमीन किती वर आली हे त्या कडेवरच लिहिलेलं आहे. लोखंड गंजतं तेही नेमकं तिथेच, डांबर आणि खांब यांच्या खाचेत. म्हणजे रस्ता तारेला खाली आणतो, वर खांबाचं आयुष्यही कमी करतो.

घरातली गोष्ट घ्या. जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. तिच्यावर शहाबादी फरशी आली, फरशी न काढता वर टाइल्स बसवल्या. दार घासायला लागलं, मग सुताराला बोलावून खालून दार तासून घेतलं. पुन्हा फरशी, पुन्हा तासणं. दाराचं काम असं भागतं, पण वरची चौकट जिथल्या तिथेच राहते, आणि एक दिवस घरातला उंच मुलगा आत येताना कपाळ फोडून घेतो. दोष कुणाचा? गवंडी म्हणतो, मी फरशी बसवली, चौकट माझी नाही. सुतार म्हणतो, मी चौकट बसवली तेव्हा जमीन खाली होती. दोघेही खरं बोलतात. चुकलं ते घराच्या मालकाचं. त्याने फरशी घालण्याआधी दोघांना एका वेळी बोलावून चौकट मोजून घ्यायला हवी होती. रस्त्यावर गवंडी म्हणजे बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महापालिका किंवा नगरपालिका. सुतार म्हणजे महावितरण. घरमालक मात्र आपण सगळे आहोत, आणि आपणच कधी विचारलं नाही.

आणि विचारायला नवा कायदा लागत नाही. 1956च्या नियमांत 82वा नियम होता, पुढच्या विनियमांतही ती तरतूद आली. तार टाकून झाल्यावर कुणी तिच्याखाली घर बांधणार असेल, घराला वाढीव बांधकाम करणार असेल, पूरबंधारा घालणार असेल किंवा रस्त्याची पातळी वाढवणार असेल, तर त्याने वीज पुरवठादाराला आणि राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षकाला आधी लेखी कळवायचं, सोबत मोजमापाचा नकाशा द्यायचा. लक्ष द्या, रस्त्याची पातळी वाढवणं हे शब्दच नियमात आहेत. मग पुरवठादाराने तार नियमात बसते का ते पाहायचं, बसत नसेल तर खर्चाचा अंदाज देऊन ती उचलून घ्यायची, आणि हे होईपर्यंत ते काम सुरू करायचं नाही. गवंड्याने सुताराला आधी सांगायचं, एवढीच ही गोष्ट आहे. आपण हा नियम घर बांधणाऱ्यापुरता ओळखतो. रस्ता बांधणाऱ्यालाही तो लागू आहे, हे मात्र सहसा कुणी बोलत नाही.

यावर आक्षेप येतात. पहिला असा, की रस्ता वाढून वाढून किती वाढणार, दोन इंचांनी काय होतं? एका थराने काही होत नाही, पण थर एकच नसतो. नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडून काढला, तर हा प्रश्न उद्भवणारच नाही. तसं यंत्र आहे, मोठ्या रस्त्यांवर वापरतातही. गल्लीबोळात ते पोचत नाही, आणि तारा सर्वांत खाली असतात त्या गल्लीबोळातच. दुसरा आक्षेप पैशाचा. रस्ता रुंद करायचा असतो तेव्हा खांब हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला जातो, नुसतं नूतनीकरण असलं की तो विषय सहसा निघत नाही. निघायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. प्रत्येक खांब बदला असं मी म्हणत नाही. कुठे मध्ये एक खांब वाढवून झोळ निम्म्याहून कमी होतो, कुठे सैल तार ओढून घेतली की भागतं, कुठे उघड्या तारांऐवजी आवरण असलेली एकत्र गुंफलेली केबल टाकता येते. पण यातलं काय करायचं ते ठरवण्यासाठी आधी मोजायला तर हवं! आणि न मोजल्याचाही खर्च असतोच. 2002 मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वीज पुरवणाऱ्याकडून निष्काळजीपणा झाला नसला, तरी अशा धोकादायक वस्तूने जीव गेला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेने एका सायकलस्वाराचा जीव गेला होता, त्या खटल्यातलं हे आहे. तार उंच करण्याचा खर्च कशाच्या शेजारी ठेवून पाहायचा, ते यावरून समजावं.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. लोक म्हणतात, खांबांचं हे लटांबर हवंच कशाला, सगळ्या तारा जमिनीखाली घाला. महाबळेश्वर-पाचगणी 2001पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कास पठार 2012पासून जागतिक वारशात आहे. अशा ठिकाणी हे म्हणणं मला मान्य आहे, तिथे उंच खांबांपेक्षा भूमिगत केबल बरी. पण साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला खाली कातळ लागतो, चर खणायचा खर्च फार. सांगलीत तर उलटी अडचण आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा पाण्यात जमिनीलगतच्या विजेच्या पेट्या बुडतात आणि सुकवून, तपासून पुन्हा सुरू करायला दिवस लागतात. वरच्या तारा राहिल्या तर त्यांच्याखालून बोटी जातात. पुराच्या वेळी वीज बंद करतात हे खरं, पण बोटीत उभ्या असलेल्या माणसाने डोक्याजवळची तार बंदच आहे असं धरून चालायचं का? पूररेषेतल्या भागात खांब बदलताना उंची रस्त्यापासून धरावी की पुराच्या पातळीपासून, हा प्रश्न निदान कागदावर तरी यायला हवा. इथे मला अधिक बोलायचं होतं, पण घड्याळ पुढे चाललंय.

शेतातली गोष्ट मात्र टाळता येत नाही. 4.6 मीटर म्हणजे पंधरा फूट. वाळवा, पलूस, कराडच्या मळीच्या जमिनीतला चांगला आडसाली ऊस पाल्यासकट त्या उंचीच्या जवळ जातो. तिथल्या काळ्या जमिनीला पाणी बसलं की खांब कलतो, तार सैल होते, आणि वाऱ्यात दोन तारा एकमेकींना घासून ठिणगी खाली पाचटावर पडते. उसाचा फड पेटला की बातमी येते शॉर्टसर्किटची. झोळाची बातमी कधी येत नाही. आणि ठिबकाचा किंवा तुषार सिंचनाचा लांब पाइप उभा धरून बांधावरून चालणाऱ्या माणसाला पंधरा फूटसुद्धा पुरत नाहीत. शेतकरी बंधूंनो, पाइप आडवा धरून चाला, मी हात जोडून सांगतो. आणि तार मोजायला काठी, टेप, शिडी घेऊन स्वतः जाऊ नका. ते वायरमनचं काम आहे, त्यासाठी वीज न वाहणारी मोजकाठी असते. आपण अर्ज द्यायचा.

घरांबद्दल एकच सांगतो. डिसेंबर 2020च्या राज्याच्या एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावलीत तारेपासूनची अंतरं दिलेली आहेत. लघुदाबाची तार घरावरून जात असेल तर अडीच मीटर, बाजूने 1.2 मीटर, अकरा हजार व्होल्टला वर 3.7 मीटर. सांगलीच्या गुंठेवारीत खांब आधी आले आणि घरं मागून वर चढली. साताऱ्याची हद्द 2020 मध्ये वाढली, शाहूपुरी, विलासपूर हा भाग पालिकेत आला, तिथेही आता एकमजली घरांवर दुसरा मजला चढतोय. गच्चीच्या कठड्यावरून हात लांबवला तर तार लागेल असं घर असेल, तर आधी पुरवठादाराला कळवणं तुमचं काम आहे. रस्त्याच्या बाबतीत मी सरकारी खात्यांना बोल लावला, तोच न्याय इथे आपल्यालाही.

तर पुन्हा तेच: उंची तारेची, मोजायची आजच्या जमिनीपासून, दोन खांबांच्या मध्ये, उन्हाच्या वेळी. गावातल्या रस्त्याचं काम मंजूर झालं की ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. रस्ता किती इंच वर येणार? त्यावरून जाणाऱ्या तारा किती उंचीवर राहणार? महावितरण आणि विद्युत निरीक्षक यांना लेखी कळवलं का? सातारा महावितरणच्या बारामती परिमंडळात येतो, सांगली कोल्हापूर परिमंडळात, त्यामुळे अर्ज वेगवेगळ्या दारांत जातील, पण प्रश्न तेच. खांब बदलायला माणसं आली तर विचारा, की हा आठचा की नऊचा, आणि रस्ता ओलांडणाऱ्या जागी आठचा का? जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून विजेची कामं होतात, त्यात ही कामं बसवता येतात. त्यासाठी गावाचा ठराव लागेल, आणि ठरावात खांबांचे क्रमांक लिहिले तर काम लवकर हलतं. याच खांबांना केबलवाल्यांच्या आणि इंटरनेटच्या तारा विजेच्या तारांच्याही खाली लटकतात, ट्रॉलीला अडकतात, खांबाला ओढतात. त्यांच्या उंचीचं काय, आणि ती कुणी मोजायची, हा आणखी एक मोठा विषय आहे, पण आता वेळ संपला.