पाड्यावरचें पोर आणि आपली शाळा

(नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



नांगर, भाता, वाकस आणि माग बाजूला ठेवून आपण येथें जमलां आहां. म्हणून आम्ही फार वेळ घेणार नाहीं. आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे आणि आपणांजवळ कांहीं मागावयाचें आहे. आधीं कबुली.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही ट्रेनिंग कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडून एका गांवच्या शाळेवर रुजू झालों. पहिलीच्या वर्गांत चित्राचा तक्ता टांगला. चित्रांत मूल कडेवर घेतलेली बाई होती. "ही कोण?" असें आम्हीं विचारलें. पाड्यावरचा एक मुलगा उठून मोठ्यानें म्हणाला, "याहा." आम्हीं म्हटलें, "चूक! आई म्हण." गांवांतलीं पोरें हंसलीं, पाड्यावरचीं पोरें गप्प झालीं. तो मुलगा खालीं बसला, तो पुन्हा उत्तर द्यावयास उठला नाहीं. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेंत गेला. होळीला गांवीं आला, पण शाळेंत आला नाहीं. आम्हीं हजेरीपटावर "गैरहजर" लिहिलें आणि आपलें काम झालें असें समजलों.

बंधूंनो, देहवाली व मावची बोलींत आईला याहा म्हणतात. महाशिवरात्रीला देवमोगऱ्यास जिची यात्रा भरते ती याहामोगी, म्हणजे मोगी आई. पोराचें उत्तर बरोबर होतें. चुकला तो मास्तर.

आणि लाजेची गोष्ट ही कीं, आमच्या घरींही आईला आई म्हणत नसत, माय म्हणत. आमची घरची बोली अहिराणी. लहानपणीं शाळेंत ती तोंडून निघाली कीं "गांवढळ" म्हणून आमची थट्टा होई. ती थट्टा आम्ही विसरलों नव्हतों. तरी खुर्चीवर बसतांच तीच दुसऱ्याच्या पोराच्या वांट्याला दिली.

१८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. प्राथमिक शाळांवरचे शिक्षक होतां होईल तों शेतकरीवर्गांतून घ्यावे, ते मुलांत मिसळणारे असावे, वेळ पडल्यास नांगराचें रुमणें किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्यास न लाजणारे असावे, अशी त्यांची मागणी होती. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें करण्याचा कायदा केला. अशा खटपटींमुळेंच शेतकऱ्याचीं पोरें मास्तर झालीं. परंतु खुर्चीवरचा माणूस बदलला म्हणून खुर्चीची रीत बदलली काय? ज्या भिक्षुकी गर्वाविरुद्ध आपल्या वाडवडिलांनीं आवाज उठविला, तोच गर्व भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या पोरांना आज आपल्या तोंडावर दिसत असेल, तर आपण कोणत्या तोंडानें फुल्यांचें नांव घ्यावें?

हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींत येथें दर शंभरांत सुमारें ६९ माणसें आदिवासी होतीं, आणि साक्षरतेंत सबंध महाराष्ट्रांत आपला जिल्हा शेवटचा होता. तेव्हां पाड्यावरचें पोर हें आपल्या शाळेंत पाहुणें नाहीं. शाळा मुख्यत्वें त्याचीच आहे. त्याच शिरगणतींत भिल्ली बोलणारे सबंध देशांत एक कोटीहून अधिक भरले. तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत भिल्लीला जागा नाहीं. संथाळी आणि बोडो यांना २००३ च्या दुरुस्तीनें ती मिळाली.

कोणी म्हणेल, "मास्तर, पोरांना पुढें नोकरीधंदा मराठी-इंग्रजीवर मिळणार, मग घरची बोली कशाला?" आम्हांलाही मराठी शिकवावयाचीच आहे. पण विहिरींत उतरावयाचें तर पहिली पायरी पायाखालीं पाहिजे. जो शब्द पोराला ठाऊक आहे त्यावरून अक्षर ओळखविलें, तर अक्षर एकदांच शिकावें लागतें. शब्दही परका आणि अक्षरही परकें, म्हणजे पोर नुसतें घोकतें. ओडिशांत २००६ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत पहिलीचे वर्ग सुरू झाले. तेथें घरच्या भाषेवरून मुलांस हळूहळू ओडियावर नेण्याची योजना आहे. आपल्याकडेही कायद्याचा आधार आहे. मातृभाषेंतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असें घटनेचें ३५०-अ हें कलम १९५६ पासून सांगतें. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आणि २०२० चें शैक्षणिक धोरण हींही तेंच सांगतात.

"त्यांच्या बोलीला लिपी कोठें आहे?" असेंही विचारतात. शहाद्याकडचे वाहरू सोनवणे यांनीं भिल्लींत कविता केल्या आणि त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ सालीं छापून निघाला. देवनागरी कोणा एकाच्या घरची नाहीं.

आणखी एक खोड सांगतों. स्नेहसंमेलनांत पाहुण्यांपुढें आपण या मुलांना मोरपिसांचा टोप घालून नाचवितों, आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्यांची बोली बंद करितों. याला मान देणें म्हणत नाहींत. काठीच्या होळीचा ढोल शाळेच्या मंचावर चालतो. मग ढोल वाजविणाऱ्याची भाषा फळ्यावर कां चालूं नये? १३ फेब्रुवारी २००८ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटांत मुख्य प्रधान केव्हिन रड यांनीं तेथील मूळ रहिवाशांची जाहीर माफी मागितली, कारण सरकारनें त्यांचीं मुलें पिढ्यानपिढ्या आईबापांपासून तोडून नेलीं होतीं. आपण पोर घरांतून नेत नाहीं, पण घर पोराच्या तोंडांतून काढून घेतों.

आतां आम्ही काय करितों तें सांगतों. वर्गाच्या भिंतीवर दोन रकाने आहेत: एकांत पाड्यावरचा शब्द, शेजारीं मराठी शब्द. मास्तरही तो पाठ करितो, आणि चुकला तर पोरें त्याला हंसतात. पाड्यावरची एखादी आजी येऊन गोष्ट सांगते. आमचूर करणाऱ्या घरचीं पोरें हिशेब त्यावरच शिकतात: कैऱ्या किती सोलल्या, वाळून किती भरलें. आईबाप जें नांव सांगतील तेंच पटावर लिहितों. आपल्या सोयीनें बदलीत नाहीं.

आणि आपणांजवळ मागणें हें. शाळा व्यवस्थापन समितींत निदान पाऊण सभासद पालक असावे आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असा कायदा आहे. पाड्यावरच्या आयाबायांना त्यांत खऱ्या अर्थानें घ्या. नुसता अंगठा घेऊं नका. ऊसतोडीवरून पोर परत आलें, तर त्याला घेऊन शाळेंत या. आपल्या शेतावरच्या सालदाराचें पोर गुरांमागें धाडूं नका. १९७२ सालीं शहाद्यास श्रमिक संघटना उभी राहिली आणि भिल्ल मजूर गेलेल्या जमिनी मागूं लागले, तेव्हां आपल्यांतल्या पुष्कळांना राग आला. पण सावकारानें आपल्या आजोबांना बुडविलें तें अंगठ्यावरच ना? मग दुसऱ्याच्या अंगठ्यावर आपलें घर भरूं नये. आणि आपल्या स्वतःच्या पोरांना एवढें शिकवा कीं, दुसऱ्याच्या आईच्या नांवाला हंसूं नये.

तो मुलगा आज बाप झाला असेल. येत्या जूनमध्यें त्याचें पोर कोणत्या तरी शाळेच्या दारांत उभें राहील, आणि मास्तर पुन्हा तोच तक्ता टांगील. पोर "याहा" म्हणेल. तेव्हां मास्तरानें "शाबास" म्हणावें, फळ्यावर आधीं याहा लिहावें, आणि मग शेजारीं आई लिहावें. एवढेंच मागून आम्ही आपली रजा घेतों.