धर्माचा तास आणि मुलाचा प्रश्न

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



विषय ठरला तेव्हा संयोजकांपैकी एकाने जरा चाचरतच विचारले, "बाई, ख्रिस्ती शाळेतलं धर्मशिक्षण म्हणजे धर्मांतराची तयारी, असं कुणी सभेत उठून म्हणालं तर?" मी म्हटले, उठू द्या. ज्या गोष्टीची कुजबूज फार चालते तिच्याबद्दल मांडवात बसून मोठ्याने बोललेले बरे. उलट बाजूची तक्रारही मला ठाऊक आहे. आमच्याच ख्रिस्ती मंडळीतले पालक म्हणतात, मिशनच्या शाळेत बायबल आता उरलेय कुठे? परिपाठाला एक गीत, नाताळला एक गव्हाण, संपले. या दोन तक्रारींच्या मधोमध प्राथमिक शाळेतली बाई उभी असते. मी या नगर जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेत शिकवले आहे, म्हणून आजचे बोलणे तिच्या बाजूने आहे.

तिची अडचण आजची नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. मिशनच्या सुरुवातीच्या शाळांना ख्रिस्ती शिक्षक मिळणार कुठून? ख्रिस्ती माणसेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग पगारी पंतोजी ठेवले जात, बहुधा ब्राह्मण, आणि तेच मुलांकडून दहा आज्ञा म्हणून घेत. पंतोजींचा त्यावर विश्वास नव्हता, मुलांचा असायचे कारण नव्हते. आज याचे हसू येते. पण शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला दोघांनाही ज्याचे काही वाटत नाही असा धर्म पाठ करून घेण्याची सवय आपल्याकडे तितकी जुनी आहे, आणि ती गेलेली नाही.

१८३९ साली याच मिशनच्या सिंथिया फॅरार नगरला आल्या. त्या आधी १८२७ पासून मुंबईत होत्या, आणि पुढे १८६२ साली मृत्यू येईपर्यंत नगरमध्येच राहिल्या. त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी इथे येऊन पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फॅरारबाईंकडे शिक्षिकेचे शिक्षण घेतल्याचे सांगतात. नगरकर हे अभिमानाने सांगतात, सांगावेच. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. फुले स्वतः पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, म्हणजे बायबल त्यांच्या कानावरून गेलेले. तरी त्यांनी नगरहून शाळा नेली, बाप्तिस्मा नेला नाही. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापले गेले. त्यातला निर्मिक, म्हणजे सृष्टिकर्ता, पाद्र्यांच्या प्रश्नोत्तरीतून आलेला नाही, पुराणातूनही नाही. मिशनरींच्या हिशेबाने हा विद्यार्थी नापास. माझ्या हिशेबाने मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेला तो सर्वांत मोठा धर्मविचारक.

आणि त्याच शाळांच्या पुढच्या पिढीत मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली, चौदा वर्षांची मुलगी. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली आपल्या नगरात सुरू झाले. त्यात १८५५ साली तिचा निबंध आला. वेद ज्यांचे त्यांना, आम्हाला तर ते पाहायचीही बंदी, मग देवा, आमचा धर्म तरी कोणता, एवढेच ती विचारते. मराठीत धर्माबद्दल एखाद्या मुलाने विचारलेला याहून थेट प्रश्न मला माहीत नाही. धर्मशिक्षणाचा तास चांगला झाला की नाही हे कसे ओळखावे, असे मला नव्या शिक्षिका विचारतात. मी सांगते, वर्गातून असा एक तरी प्रश्न आला का ते पाहा. तुम्ही काय सांगितलेत त्यावर जाऊ नका.

मग घोडे अडले कुठे? १८५४-५५ मध्ये बोस्टनहून मिशनचे वरिष्ठ अधिकारी रुफस अँडरसन आले, त्यांनी मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करायला लावल्या आणि भर दिला तो मराठीवर आणि गावोगावच्या मंडळ्यांवर. मराठीचे भले झाले. नेवासे, राहुरीकडच्या गावांत, वडाळ्याच्या परिसरात, शाळा आणि मंडळी एकाच छपराखाली वाढल्या. आठवडाभर मुळाक्षरे शिकवणारा मास्तरच रविवारी उपासना चालवी. त्या काळी ते साहजिक होते, कारण समोरची मुले त्याच मंडळीतल्या घरांची. पण त्यातून शाळेचा तास आणि शब्बाथशाळेचा तास एकच असा समज पक्का झाला. वर्ग बदलला तरी समज बदलला नाही.

आजचा वर्ग कसा आहे? ख्रिस्ती मुले आहेत, हिंदू, बौद्ध, मुसलमान आहेत, आणि अनेक ठिकाणी ख्रिस्ती मुले थोडी आहेत. शिवाय हजेरीपटावरून काही कळत नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. आपल्या जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. त्यामुळे दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरे, अशी घरे आहेत. एकाच घरात आजी हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियेच्या, यात्रेला जाते आणि चुलता चैत्यभूमीला. यात त्या लोकांना दोष देणाऱ्यांनी आधी तो आदेश वाचावा. शिक्षिकेसाठी एवढेच, की दाखला पाहून मुलाचा धर्म ठरवू नका, आणि चारचौघांत विचारू तर मुळीच नका.

अशा वर्गात शिकवायचे काय? मी प्रश्नोत्तरीच्या विरुद्ध आहे. देव किती, जग किती दिवसांत केले, प्रेषित किती, याची टकळी पोपटही करतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी दोन्ही लिहिले: कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पोथी, जी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली गोव्यातल्या राशोलला छापली गेली, आणि त्याआधी, १६१६ साली छापलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण. चारशे वर्षांनंतर पोथी अभ्यासकांकडे राहिली, पुराण लोकांकडे. एकाच माणसाने लिहिलेल्या दोन पुस्तकांचे असे झाले, यातून जो काही धडा घ्यायचा तो आपण घेतला नाही. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी घेतला; त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नारायण वामन टिळकांनी घेतला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला राहिले, ईश्वरविज्ञान शाळेत शिकवले, आणि भजने लिहिली ती अभंगाच्या घाटाची. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यात वडाळ्याचे मिशन आहे. तिथल्या मुलाच्या कानाला ओवी परकी नाही, परकी आहे ती प्रश्नोत्तरी.

म्हणून गोष्ट सांगावी, गीत म्हणावे आणि गप्प बसावे. गप्प बसणे सर्वांत अवघड. पेरणाऱ्याचा दृष्टांत घ्या. थोडे बी वाटेवर पडले, थोडे खडकाळीवर, थोडे काट्यांत, थोडे चांगल्या जमिनीत. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेला अर्थ ठरलेला: जमीन म्हणजे आपले मन. मी तो सांगायला तोंड उघडणार तोच एक पोरगा म्हणाला, "बाई, पण त्यानं वाटंवर बी टाकलंच कशाला? पाभर नव्हती का त्याच्याकडं?" बरोबर आहे. आपल्याकडे चाड्यातून मोजून बी सोडतात. मुठीने फोकून पेरणारा माणूस त्याला वेंधळा वाटणार. एकाने म्हटले, बियाण्याची पिशवी केवढ्याला येते माहीत आहे का! तो तास जमीन सोडून पेरणाऱ्यावर गेला. तो उधळा आहे का? मूर्ख आहे का? की त्याच्याकडे बी खूप आहे? एका मुलीने सांगितले, त्याला खडकालाही द्यायचे असेल. मी अर्थ सांगितला नाही. ठरलेला अर्थ या वर्गापुढे फिका होता.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टांत तर पाथर्डी-शेवगावकडच्या मुलांना सांगून पाहावा. त्या भागातले आईबाप ऊसतोडीला जातात. मालक सकाळी आलेल्याला आणि दिवस मावळता आलेल्याला सारखाच रोज देतो. "हे काय बरोबर नाही," वर्ग एकमुखाने म्हणतो. मग हळूच कुणीतरी विचारते, तो उशिरा का आला? त्याला दिवसभर कुणी कामाला बोलावलेच नव्हते, असे गोष्टीतच आहे. मजूर अड्ड्यावर दुपारपर्यंत उभे राहून रिकाम्या हाती परतलेला बाप ज्याने पाहिला आहे ते मूल तिथून पुढे बोलायला लागते. मुकादम येतो, उचल येते, रेशन येते. या चर्चेत हिंदू मूल, बौद्ध मूल आणि ख्रिस्ती मूल यांत मला कधी फरक दिसला नाही. न्याय आणि दया यांतले भांडण आठ वर्षांच्या मुलालाही कळते.

आणि या तासाला गुण देऊ नयेत. सुवर्णवचन पाठ झाले नाही म्हणून बाकावर उभे करणे, आंतरशालेय बायबल स्पर्धेच्या ढालीसाठी मुलांना जुंपणे, हे मी पाहिले आहे. शाळांची नावे सांगणार नाही. प्रभुभोजन, बाप्तिस्मा, दृढीकरण यांची तयारी मंडळीने रविवारी करावी, सुट्टीतल्या बायबल शाळेत करावी. ते काम आईबापाचे आणि पाळकाचे. कॅथोलिकांकडे सिस्टर ते मन लावून करतात. ते शाळेच्या घंटेवर ढकलले की ख्रिस्ती मुलाला ते कमी पडते आणि इतरांना जास्त होते.

आता कायदा, थोडक्यात, कारण इथे वकील बसलेले आहेत. संविधानाचे अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धर्मशिक्षणाला अनुच्छेद २८ मनाई करते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेची गोष्ट. आपली शाळा खासगी, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित. तिच्यात धर्मशिक्षण देता येते, पण त्याच अनुच्छेदाचे तिसरे कलम सांगते की संमतीशिवाय कुणालाही त्यात किंवा उपासनेत बसवता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती हवी. ख्रिस्ती संस्थांना अनुच्छेद ३० तोंडपाठ असते. २८ विचारले की फाइल शोधावी लागते.

१९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या तीन मुलांचा निकाल दिला. ती 'यहोवाचे साक्षीदार' या पंथातली. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने काढून टाकले होते. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्या निकालाने ख्रिस्ती मुलांचे मौन राखले. मग आपल्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी एखादे मूल हात न जोडता शांत उभे असेल, तर त्याला कोपरखळी मारण्याचा आपल्याला काय अधिकार?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. धर्मांतराचा संशय भाषणाने जात नाही, माझ्याही नाही. पालकाला आधी विचारले तर जातो. लोक नाही म्हणतील ही संस्थाचालकांची भीती मला पोकळ वाटते. गोष्टींचा तास आहे, परीक्षा नाही, बाप्तिस्म्याची तयारी इथे होत नाही, केव्हाही येऊन मागे बसा, असे सांगितल्यावर नाही म्हणणारे थोडेच निघतील. जे म्हणतील त्यांच्या मुलांना त्या वेळी वाचनालयात एक बाई आणि चांगली पुस्तके द्या. व्हरांड्यात शिक्षा झाल्यासारखे बसवू नका.

जूनला अजून काही आठवडे आहेत. या सभेत मिशनच्या आणि धर्मप्रांताच्या शाळांचे काही संचालक बसलेले मला दिसतात. त्यांना माझी विनंती आहे: प्रवेशअर्ज छापायला टाकण्यापूर्वी त्यात धर्मशिक्षणाच्या तासाबद्दल पालकाच्या संमतीची एक ओळ घाला, मराठीत, मोठ्या टायपात, आणि पालकाला ती वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नका.