टॅक्स नाही म्हणता, मग हे काय?



लातूरच्या मोंढ्यात माल घालून एस.टी. स्टँडवर बसलं की एखादा पगारदार टोमणा मारतोच, "तुमचं बरं आहे, तुम्हाला इन्कम टॅक्स नाही." कायद्यात तसं आहे खरं. म्हणून आज आम्ही एक जुना हिशेब काढतो आहोत.

1973-74 साली 2 लाखांवरच्या उत्पन्नावर आयकर, अधिभार धरून, शेकडा 97.75 होता. कमावणाऱ्याच्या हाती शंभरातले सव्वादोन रुपये! अर्थमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. असा दर ठेवला की माणूस उत्पन्न लपवतो, काळा पैसा वाढतो, असं वांच्छू समितीनं सांगितलं होतं. 1974 च्या अंदाजपत्रकात यशवंतरावांनी लोकसभेपुढं प्रस्ताव ठेवला आणि वरचा दर एका झटक्यात 77 वर आणला. चांगलंच केलं. सगळंच सरकार नेणार असेल तर घाम कोण गाळील?

पण त्या काळात आपल्या खळ्यावर काय चाललं होतं? ज्वारीची लेव्ही. बाजारात भाव जास्त असला तरी सरकार ठरवील त्या भावानं घालायची. आयकर खर्च वजा जाऊन उरलेल्यावर लागतो. लेव्हीनं बियाणं, मजुरी कधी विचारली नाही. कापसाला 1972 पासून एकाधिकार खरेदी. काही वर्षं तिचा भाव बाहेरपेक्षा बरा असे, ते आम्ही नाकारत नाही. पण ज्या वर्षी नांदेडच्या पलीकडं आंध्रात भाव चढा, त्या वर्षी आपलाच कापूस हद्दीपार नेणारा चोर ठरला. हातचा गेलेला तो फरक म्हणजे टॅक्स नाही तर काय?

लेव्ही गेली, एकाधिकारही गेला. 1 फेब्रुवारी 2025 ला नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त करण्याचा प्रस्ताव लोकसभेत आला. पगारदाराचा आम्हाला हेवा नाही. त्याच्या दराचं निदान विधेयक येतं, चर्चा होते, मतं पडतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बोंडं फुटायच्या आधी, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क एका अधिसूचनेनं उठवलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी होईपर्यंत. मत कुणी घेतलं?

लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. पुढच्या बैठकीला येताना त्या हंगामाची काटापट्टी घेऊन या. किती क्विंटल, काय भाव, किती कमी पडले, ते गाववार मांडू आणि खासदाराच्या हातात देऊ.