पाण्यातले सुटे रंग
तैलरंगात पाण्यातलं प्रतिबिंब रंगवताना रंग घोटून गुळगुळीत करू नयेत, असं मी ठामपणे म्हणेन. १८६९ साली पॅरिसजवळ सीन नदीवर, ला ग्रेनुइयेर इथं मोने आणि रेन्वार यांनी एकच देखावा शेजारी-शेजारी रंगवला. मोनेच्या पाण्यात आडवे, सुटे फटकारे आहेत: आकाशाच्या निळ्याला खेटून झाडांचा गडद हिरवा. प्रत्येक लाटेचा उतार वेगळ्या दिशेचा उजेड परतवतो, त्यामुळे हे रंग पाण्यातही वेगळेच असतात. पॅलेटवर कालवले की मळतात. जवळून हे नुसते डाग दिसतात, हा आक्षेप खरा. पण चार पावलं मागं सरकलं की पाणी हलू लागतं. संथ तळ्यात मात्र फटकारे कमी आणि कडा मऊच हव्यात. मोनेचं हे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.